बातमीदार ते डिजिटल हेड : डेस्क सोडण्याआधी हे शिकून घ्या

मराठी वृत्तपत्रात किंवा वाहिनीत आठ-दहा वर्षं काढलेल्या बातमीदाराला, उपसंपादकाला डिजिटलमधून बोलावणं येतं तेव्हा पदाचं नाव भारी असतं. डिजिटल एडिटर, कंटेंट हेड, कधी थेट बिझनेस हेड. नावावर जाऊ नका, तीन गोष्टी विचारा. साइटवर काय जाणार आणि काय उतरणार, हा शेवटचा शब्द कुणाचा? डेव्हलपरांच्या कामांची यादी कोण लावतं? आणि माणसं, फ्रीलान्सर, टूल्स यांच्या खर्चावर सही कुणाची? तिन्हींतलं काहीच हातात येणार नसेल तर ती शिफ्ट इन्चार्जचीच नोकरी आहे, फक्त कार्ड नवीन. दोन मिळत असतील तर घ्या. तिसरी वर्षभरात मागता येते, पण मागताना समोरच्याच्या भाषेत बोलता आलं पाहिजे. ती भाषा डेस्कवर आपोआप कानावर पडत नाही, ठरवून शिकावी लागते.

आधी सीएमएसमध्ये हात घाला

सीएमएस म्हणजे बातमी साइटवर चढवायची प्रणाली. पहिले तीन-चार महिने रोज दोन तास तिथे स्वतः बातम्या चढवा, त्यातही काही रात्रपाळ्या घ्या. हेड झाल्यावर हे करायला वेळ मिळत नाही, आणि ज्याने कधी बातमी चढवली नाही त्याला डेस्कवरची पोरं पहिल्या आठवड्यात ओळखतात.

यूआरएल रोमन लिपीतच ठेवा. देवनागरी यूआरएल ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बहुतेक वेळा त्याची टक्क्यांची चिन्हं होतात. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा संगणकात तीन बाइटची, आणि एन्कोड झाली की एकेकीची नऊ चिन्हं. पाच-सहा शब्दांच्या मथळ्याचा यूआरएल दोन-अडीचशे चिन्हांचा होतो. लोकांना तो व्हायरसची लिंक वाटतो.

फोटो किमान १२०० पिक्सेल रुंद हवा. गूगल डिस्कव्हरमध्ये (न शोधताच गूगल फोनवर सुचवतं त्या बातम्यांच्या यादीत) मोठं चित्र दिसण्यासाठी ही अट आहे, शिवाय पानाच्या कोडमध्ये मोठ्या प्रिव्ह्यूला परवानगी देणारा रोबोट्स टॅग लागतो. हा टॅग टेम्प्लेट बदलताना हमखास उडतो. डिस्कव्हरचा ट्रॅफिक अचानक पडला आणि बातम्या तर नेहमीसारख्याच आहेत, असं झालं तर आधी हे तपासा, मग अल्गोरिदमला शिव्या द्या.

मराठीचं खास दुखणं म्हणजे फॉन्ट. छापील आवृत्तीची पानं अजूनही कित्येक ठिकाणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लागतात आणि रात्री कन्व्हर्टरमधून वेबवर येतात. त्यात रफार सरकतो, जोडाक्षरं फुटतात, 'ऱ्ह' आणि 'ॲ' यांची वाट लागते. हे निदान डोळ्यांना दिसतं. न दिसणारी चूक जास्त महाग पडते: 'दुसऱ्या' मधला र दोन वेगळ्या कोडने लिहिता येतो, 'ॲप' मधला ॲ सुद्धा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटवरच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. अर्धं आर्काइव्ह सापडत नाही आणि एकाच विषयाची दोन टॅग पानं तयार होतात. बातमी सेव्ह होतानाच सगळा मजकूर एका पद्धतीत आणणारी छोटी स्क्रिप्ट बसवून घ्या. डेव्हलपरचं एक-दोन दिवसांचं काम आहे. संपादक मागत नाहीत म्हणून ते वर्षानुवर्षं होत नाही.

मथळा: एक नमुना

पुण्यात जोराचा पाऊस आहे, धरणातून पाणी सोडलंय. छापील पानावर 'मुठा कोपली' हा मथळा चालतो, कारण खाली आठ कॉलमांचा फोटो असतो आणि पेपर आधीच विकत घेतलेला असतो. मोबाइलवर तोच मथळा सर्चमध्ये कुणाला सापडणार नाही. तिथे असा लागतो: 'खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल बंद, पर्यायी रस्ते कोणते?' पहिल्या परिच्छेदात विसर्गाचा क्युसेकमधला आकडा, किती वाजल्यापासून, आणि माहिती कुणी दिली. दुसऱ्यात बंद रस्ते. पावसाच्या वर्णनाला तिसऱ्या परिच्छेदापर्यंत थांबवा.

विसर्ग दर दोन तासांनी बदलेल. प्रत्येक वेळी नवी बातमी नवीन यूआरएलवर टाकली की संध्याकाळपर्यंत सात अशक्त पानं एकमेकांशीच स्पर्धा करतात आणि सर्चमधून येणारा वाचक दुपारी दोनच्या आकड्यावर जाऊन पडतो. यूआरएल एकच ठेवा, ताजा आकडा वर घ्या, जुने वेळेसह खाली ढकला. 'अपडेटेड'ची वेळ मजकूर खरोखर बदलला असेल तरच बदला. काहीच न बदलता वेळ पुढे ढकलायची सवय पुष्कळ डेस्कना असते, आणि अशा खोट्या ताजेपणाबद्दल गूगलने प्रकाशकांना स्पष्ट बजावलेलं आहे.

नोटिफिकेशनमध्ये पहिल्या चाळीसेक अक्षरांत बातमी संपली पाहिजे, पुढचं बऱ्याच फोनवर कापलं जातं. 'मोठी बातमी!' त्यातली जागा फुकट खाते. 'अन् पुढे जे घडलं ते…' छाप मथळे पहिल्या दोन आठवड्यांत आकडा वाढवून देतात हे खरं. मग तेच वाचक नोटिफिकेशन बंद करतात, आणि एकदा बंद केलेलं कुणी परत चालू करत नाही. म्हणून क्लिकच्या शेजारी 'नोटिफिकेशन बंद करणारे' हा रकाना रोजच्या अहवालात घालाच.

आकडे वाचायला शिका, मग दाखवायला

तीन साधनं पुरेशी आहेत: वाचकांच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स ४, गूगल सर्चमध्ये आपली पानं कशी दिसतात ते सांगणारं सर्च कन्सोल आणि चार्टबीटसारखं एखादं क्षणोक्षणीचं टूल. जुनं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेईनासं झालं; त्याआधीच्या आकड्यांची आजच्यांशी सरळ तुलना करू नका, मोजण्याची पद्धतच बदलली आहे. ॲनालिटिक्स ४ मध्ये 'एंगेज्ड सेशन' म्हणजे दहा सेकंदांपेक्षा जास्त टिकलेली, किंवा दोन पानं पाहिलेली, किंवा तुम्ही ठरवलेली मुख्य कृती झालेली भेट. दहा सेकंद हा फार खालचा उंबरठा आहे. मीटिंगमध्ये कुणी '७० टक्के एंगेजमेंट' म्हणून टाळ्या घेत असेल तर सरासरी वाचनवेळ विचारा. खातं उघडताना टाइमझोन भारताचा निवडलेला नसेल तर दिवस भलत्याच वेळी उलटतो. हेही एकदा पाहून घ्या.

रोज सकाळी पाहायचं ते एवढंच: वाचक आले कुठून, किती जण महिन्यात पुन्हा आले, आणि काल केलेल्या बातम्यांपैकी किती बातम्या कुणीच वाचल्या नाहीत. हा शेवटचा आकडा कुठल्याही तयार अहवालात नसतो, स्वतः काढावा लागतो. दिवसाला दोनशे बातम्या चढवणाऱ्या डेस्कची ही यादी एकदा काढून बघा. 'माणसं कमी आहेत' या तक्रारीचं उत्तर त्यातच असतं.

'डायरेक्ट' या रकान्यात व्हॉट्सॲपवरून आलेले पुष्कळ लोक लपलेले असतात, कारण ॲपमधून उघडलेली लिंक आपण कुठून आलो ते बऱ्याचदा सांगत नाही. स्वतःच्या व्हॉट्सॲप चॅनेलवर (भारतात ती २०२३ च्या सप्टेंबरात आली) जाणाऱ्या प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग (वाचक कुठून आला ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा, म्हणजे निदान आपलं आपल्याला कळेल.

एकाच स्रोतातून निम्म्याहून जास्त वाचक येत असतील तर वरिष्ठांना लेखी कळवा. फेसबुकवर सगळी भिस्त ठेवलेल्या साइट्सचं काय झालं ते या धंद्यात सगळ्यांनी पाहिलंय. फेसबुकमध्येच झटपट बातमी उघडणारी इन्स्टंट आर्टिकल्स एप्रिल २०२३ मध्ये बंद, कोणती पोस्ट किती चालते ते दाखवणारं क्राउडटँगल १४ ऑगस्ट २०२४ ला बंद. आज तीच भिस्त डिस्कव्हरवर आहे.

पैशाचं गणित

इथे बहुतेक पत्रकार अडतात. बातमीतलं अंदाजपत्रक वाचता येतं, स्वतःच्या साइटचं येत नाही.

मूळ एकक आरपीएम, म्हणजे हजार पानांमागे मिळणारा महसूल. कल्पित उदाहरण घ्या: महिन्याला एक कोटी पेजव्ह्यू, आरपीएम ४० रुपये. एक कोटी भागिले हजार म्हणजे दहा हजार, गुणिले ४०, म्हणजे चार लाख रुपये. डेस्कवर वीस माणसं, सरासरी पगार ३५ हजार, म्हणजे सात लाख. सर्व्हर, एजन्सी, फोटो, कार्यालयाचं भाडं अजून धरलेलंच नाही. पेजव्ह्यू दुप्पट केले तरी जेमतेम आठ लाख, आणि दुप्पट करायला लागणारी माणसं पुन्हा वेगळी. हा तक्ता स्वतःच्या साइटचे खरे आकडे घालून एका पानावर तयार ठेवा. मालक किंवा सीएफओ पहिल्याच भेटीत हेच विचारतो, फक्त दुसऱ्या शब्दांत.

यातून बाहेर पडायचे मार्ग मोजके आहेत. थेट विकलेली जाहिरात आपोआप येणाऱ्या जाहिरातीपेक्षा जास्त दर देते, पण तिच्यासाठी सेल्सला विकता येईल असं काहीतरी लागतं: शेती, स्पर्धा परीक्षा, आरोग्य, गणेशोत्सव यांसारखा सलग चालणारा विभाग, त्याचे नक्की वाचक, आणि सण सुरू होण्याच्या दोन-तीन महिने आधी तयार झालेलं सादरीकरण. दिवाळीचं बजेट दिवाळीत मागायला जाणारे हात हलवत परत येतात. अमेरिका, ब्रिटन, आखात इथल्या मराठी वाचकांचा आरपीएम भारतातल्यापेक्षा बराच वर असतो. त्यांचा हिस्सा देशवार अहवालात पाहा आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळीप्रमाणे न्यूजलेटरची वेळ लावा. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा चॅनेलला मिळतो. पण दुसऱ्याची क्लिप परवानगीशिवाय लावली आणि तीन कॉपीराइट स्ट्राइक एकाच वेळी उभे राहिले तर अख्खं चॅनेल जाऊ शकतं. एक स्ट्राइक ९० दिवस टिकतो. त्यामुळे व्हिडिओ टीमच्या भिंतीवर चालू स्ट्राइकची संख्या आणि संपण्याची तारीख लिहिलेली हवी.

वर्गणी सुरू करणार असाल तर नूतनीकरणाची बाजू आधी बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आपोआप वळत्या होणाऱ्या रकमेची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी जाते. पुष्कळ वर्गण्या वाचक रागावला म्हणून तुटत नाहीत, कार्ड बदललं किंवा मँडेट (दर वेळी आपोआप रक्कम वळती करण्याची परवानगी) रद्द झालं म्हणून तुटतात. यूपीआय ऑटोपे ठेवा आणि पेमेंट फसल्यावर लगेच वाचन बंद करू नका; आठवडाभर मुदत देऊन दोन-तीनदा आठवण पाठवा.

प्रायोजित मजकुरावर 'प्रायोजित' किंवा 'जाहिरात' असं मथळ्याच्या वर, वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहायचं. सेल्सवाले 'पार्टनर्ड' किंवा 'ब्रँड डेस्क' सुचवतील. नाही म्हणा. हे नाही म्हणणं पहिल्याच महिन्यात व्हायला हवं, सहाव्या महिन्यात त्याला वजन राहत नाही.

डेव्हलपरांशी बोलताना

'साइट स्लो आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे. पानाचा यूआरएल, फोनचं मॉडेल, नेटवर्क, वेळ, स्क्रीनशॉट आणि काय व्हायला हवं होतं, एवढं दिलं की काम होतं. वेगाच्या मापांत तीन आकडे पाठ असू द्या: पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद यायला हवा, आणि मजकूर उड्या मारण्याचं माप ०.१ च्या आत हवं. पुष्कळ मराठी साइट्स तिसऱ्यात नापास होतात. जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवलेली नसते, ती उशिरा येते, परिच्छेद खाली ढकलते आणि वाचकाचं बोट जाहिरातीवर पडतं. जाहिरात विभागाला ही क्लिक कमाई वाटते. उपाय सोपा: प्रत्येक स्लॉटला ठरावीक उंची.

दहावी-बारावीच्या निकालाचा दिवस ही खरी परीक्षा. निकाल साधारण दुपारी एकला ऑनलाइन लागतो आणि त्या मिनिटाला सगळा महाराष्ट्र एकाच पानावर येतो. आदल्या आठवड्यात हलकं पान तयार करा: व्हिडिओ नाही, जाहिराती कमीत कमी, सीडीएनवर (ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पानाची प्रत ठेवणाऱ्या सेवेवर) कॅश केलेलं, वर मंडळाच्या अधिकृत साइटची लिंक. त्या दिवशी सकाळी दहानंतर साइटवर कोणताही कोड बदलायचा नाही, हा नियम लेखी असू द्या.

कायदा: एवढं तरी पाठ हवं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. बदनामी कलम ३५६ मध्ये. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करण्याला बंदी कलम ७२ मध्ये. बालकांसाठी पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४. नाव गाळलं म्हणजे झालं, असं नाही. गाव, शाळा आणि नात्याचा उल्लेख एकत्र आला की ओळख पटते. आणि डिजिटलमध्ये ती मथळ्यापेक्षा फोटोच्या फाइलच्या नावातून, ऑल्ट टेक्स्टमधून (फोटोमागे लपलेल्या वर्णनातून), टॅगमधून फुटते. बातमीतून नाव काढलं तरी यूआरएलमध्ये राहून जातं.

डिजिटल माध्यमांसाठीचे आयटी नियम २५ फेब्रुवारी २०२१ ला आले. तक्रार निवारण अधिकारी, २४ तासांत पोच, १५ दिवसांत निर्णय ही चौकट त्यातली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये नियम ९ च्या पोटनियम १ आणि ३ ला (आचारसंहिता पाळण्याची सक्ती आणि त्यासाठीची त्रिस्तरीय यंत्रणा) स्थगिती दिली, त्यामुळे आपल्या संस्थेला आज नेमकं काय लागू आहे ते कायदा विभागाकडून लेखी घ्या. तक्रारींची नोंदवही मात्र कुणी सांगो न सांगो, ठेवाच. निवडणुकीत मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत मतचाचण्या दाखवता येत नाहीत. इथे फसवतात त्या शेड्यूल केलेल्या पोस्ट आणि जुन्या बातम्या आपोआप वर काढणारे विजेट. दोन्ही त्या काळात बंद ठेवा.

निधनाच्या बातमीला एकच नियम: कुटुंबीय किंवा रुग्णालय, यांपैकी एकाकडून थेट दुजोरा. दुसऱ्या वाहिनीवर चाललंय हा दुजोरा होत नाही. चुकलंच तर पान गुपचूप उडवू नका; त्याच यूआरएलवर दुरुस्ती, वेळ, काय चुकलं होतं ते लिहा, आणि चुकीची बातमी ज्या-ज्या मार्गाने गेली (नोटिफिकेशन, चॅनेल, रील) त्या प्रत्येक मार्गाने दुरुस्तीही पाठवा. नोटिफिकेशन परत बोलावता येत नाही, दुसरं पाठवावंच लागतं.

एआयने केलेल्या भाषांतराचंही इथेच सांगायला हवं. एजन्सीची इंग्रजी कॉपी यंत्रातून काढली की दापोडीचं दापोली होतं आणि बातमी पुण्यातून थेट रत्नागिरी जिल्ह्यात पोहोचते. नावं, गावं, आकडे माणसाने ताडायचे, आणि ताडणाऱ्याचं नाव सीएमएसमध्ये नोंदवायचं.

माणसं आणि पाळ्या

एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायची तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. सहा दिवसांच्या आठवड्यात साडेतीन माणसं, रजा-आजारपण धरून चार. पाच दिवसांच्या आठवड्यात पाच. हे गणित न मांडता चोवीस तास डेस्क कबूल करणारा हेड स्वतःच रात्रपाळी करतो. दिवसाला माणशी पंधरा बातम्यांचा कोटा लावला की बातमीदार फोन उचलणं सोडतो आणि 'नेटकरी म्हणाले'वर दिवस काढतो.

छापील आवृत्तीशी भांडण ठरलेलंच. बातमीदार चांगली बातमी उद्याच्या अंकासाठी दाबून ठेवतो, कारण त्याचं कौतुक अंकातल्या बायलाइनवर होतं. भाषणांनी हे सुटत नाही. कोणती बातमी आधी वेबवर, कोणती अंकासाठी राखीव, हे दुपारच्या एकाच बैठकीत दोन्ही संपादकांनी ठरवायचं; आणि वेबवरच्या बायलाइनला वार्षिक मूल्यमापनात जागा मिळवून द्यायची. 'मिंट' या इंग्रजी अर्थविषयक दैनिकाचे संस्थापक संपादक राजू नारिसेट्टी २००९ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमध्ये गेले तेव्हा तिथे छापील आणि वेबचे विभाग चक्क वेगवेगळ्या शहरांत होते, ते एकत्र आणणं हेच मोठं काम होतं. न्यू यॉर्क टाइम्सचा २०१४ साली बाहेर फुटलेला अंतर्गत अहवाल तिथेच बातमीदारी केलेल्या ए. जी. सल्झबर्गर यांच्या नेतृत्वाखाली झाला. संपादकीय, तंत्रज्ञान आणि वाचकवाढ या विभागांमधल्या भिंतींवर त्यात बरंच बोट ठेवलं होतं. पुढे २०१८ मध्ये ते प्रकाशक झाले. मालकांच्या घरचेच होते, हे खरं. पण मूळ शहर डेस्कवरचा माणूस हे काम करू शकतो, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मुलाखत आणि करार

मुलाखतीला जाताना कात्रणं नेऊ नका. त्यांच्याच साइटची दोन पानी तपासणी न्या: मोबाइलवर दहा पानांचा वेग, गेल्या आठवड्यातले पाच मथळे आणि तुम्ही ते कसे दिले असते, एकाच विषयाची विखुरलेली पानं, आणि ९० दिवसांत तुम्ही बंद कराल अशा तीन गोष्टी. सुरू करायच्या गोष्टी सगळेच सांगतात.

पगारातला बदलता भाग पेजव्ह्यूला बांधलेला असेल तर बदलून मागा: परत येणारे वाचक, थेट महसूल आणि दुरुस्त्यांची संख्या. पेजव्ह्यूला बांधलेला बोनस घेतला की मथळ्यांवर तुमचाच धाक राहत नाही. साइटवर संपादक म्हणून नाव जाणार असेल तर नोटिसा तुमच्या नावाने येतील, आणि नोकरी सोडल्यावरही तारखा चालूच राहतील. त्यामुळे वकिलाचा, जामिनाचा आणि प्रवासाचा खर्च कंपनी करेल, नोकरी सुटल्यानंतरही, असं कलम करारात घालून घ्या. एचआर म्हणेल, 'असं आम्ही कुणालाच देत नाही.' सही करण्याआधी एकदा कायदा विभागाशी थेट बोलायला मागा. बऱ्याचदा ते देतात.